कोटिनिनचा अहवाल आणि न जुळलेले हाड

प्रश्न: दुसऱ्याच्या गाडीच्या धडकेत माझे नडगीचे हाड मोडले. सात महिने झाले तरी ते जुळलेले नाही. रक्तात कोटिनिन सापडल्याने ‘धूम्रपान चालू आहे, दोष तुमचाच’ असे विमा कंपनी म्हणते आणि उच्चदाब प्राणवायू उपचाराचा खर्च नाकारते. मी अपघातानंतर सिगारेट सोडली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून निकोटिनचे च्युइंगम तेवढे चघळतो. काय करावे?

उत्तर: कोटिनिन हे निकोटिनचे शरीरात होणारे रूपांतर असून ते सिगारेटमधून आले की च्युइंगममधून, हे त्या अहवालावरून ठरत नाही. तंबाखूत असणारे पण च्युइंगममध्ये नसणारे ॲनाबेसिन लघवीत तपासता येते, आणि श्वासातील कार्बन मोनॉक्साइडची चाचणीही आहे. दोन्ही चाचण्या अलीकडचेच सेवन दाखवतात, म्हणून त्या आताच करून घ्याव्यात आणि च्युइंगम लिहून दिल्याची चिठ्ठी जपून ठेवावी.

अपघातापूर्वीच्या सवयीची फार चिंता नको. नुकसान करणाऱ्याला समोरचा माणूस जसा असेल तसा स्वीकारावा लागतो, हे इंग्लंडमधील 1962 च्या स्मिथ विरुद्ध लीच ब्रेन या निकालाने पक्के झालेले तत्त्व आहे. तेथे वितळलेल्या धातूने कामगाराचा ओठ भाजला, मूळची कर्करोगाकडे झुकलेली पेशीरचना त्यामुळे बळावली आणि मालकाला मृत्यूचीही भरपाई द्यावी लागली. अपघातानंतरच्या वर्तनाला मात्र हे संरक्षण मिळत नाही. तेथे नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी आपण वाजवी प्रयत्न केले का, एवढाच प्रश्न उरतो आणि ते केले नाहीत हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे च्युइंगमही निर्दोष नाही, असे त्यांचा तज्ज्ञ सांगेल. पण सिगारेट सोडण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने ते घेणे अवाजवी ठरवणे त्यांना जड जाईल.

खरी काळजी मला आपल्याच डॉक्टरांच्या पत्राची वाटते. ‘निकोटिनमुळे हाडाला प्राणवायू कमी पडतो, म्हणून हा उपचार’ असे त्यात लिहिले असेल, तर उलटतपासणीत कंपनीला दुसरा कागद शोधावा लागणार नाही. शिवाय बंद कक्षात वाढीव दाबाखाली शुद्ध प्राणवायू देण्याचा हा उपचार चिरडलेल्या अवयवांसाठी मान्य असला, तरी न जुळणाऱ्या हाडावर त्याचा गुण चांगल्या चाचण्यांनी सिद्ध झालेला नाही. म्हणून ‘हमखास उपाय’ असे दाव्यात लिहू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावर विसंबणे वाजवी होते, एवढेच मांडावे, आणि डॉक्टरांनी पत्रात मोडीचे स्वरूप, त्वचेची व रक्तपुरवठ्याची अपघातातच झालेली हानी आणि इतर पर्याय का वगळले, हे स्वतंत्रपणे नमूद करावे.

आणखी एक गोष्ट. नऊ महिने उलटल्यावर आणि शेवटचे तीन महिने क्ष-किरणांत प्रगती दिसली नाही, तर हाड ‘न जुळलेले’ म्हणावे, अशी एक प्रचलित व्याख्या आहे. सातव्या महिन्यात आपले हाड ‘उशिरा जुळणारे’ ठरते. तेव्हा एकरकमी अंतिम तडजोडीवर आताच सही करू नये. तूर्त अंतरिम रकमेची मागणी करावी आणि दावा दाखल करण्याची मुदत मात्र या वाट पाहण्यात चुकवू नये.