तिमोरच्या शाळेत शिकवायला जाऊ का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी २४ वर्षांची. डी.एड. झालं आहे, वसईतल्या एका मराठी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. आमच्या धर्मग्रामाचा (पॅरिशचा) युवा गट मे महिन्यात पूर्व तिमोरला, म्हणजे इंडोनेशियाला लागून असलेल्या छोट्या देशात, जाणार आहे. तिथल्या बाउकाऊ शहराजवळ चर्चची शाळा आहे, तिथे सहा आठवडे लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं. तिकीट ज्याचं त्याने काढायचं. आई म्हणते, "इथली पोरं शिकवून संपली का?" शाळेतली एक मैत्रीण म्हणते, "धर्मांतर करायला चाललीस वाटतं!" शिवाय माझं इंग्रजी काही कॉन्व्हेंटवालं नाही. जाऊ का?
— एक वाचक, वसई

उत्तर : आधी मैत्रिणीचं बघू, ते सोपं आहे. त्या देशात शंभरातली पंचाण्णवहून जास्त माणसं कॅथलिकच आहेत. तू बाटवणार कुणाला? उलट रविवारच्या मिस्सेला उशिरा गेलीस तर तिथल्या आज्याच तुझ्याकडे वळून बघतील. हाच गट नेपाळला निघाला असता तर मी इतकं हसण्यावारी नेलं नसतं. तिथे धर्मांतर घडवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात.

आईचा प्रश्न मात्र मनावर घे. मुलांबरोबर सहा आठवडे छान जावेत एवढंच हवं असेल, तर तेवढ्या पैशांत वसईतच पुष्कळ काही होईल. म्हणून गटप्रमुखांना पहिलं हे विचार : इंग्रजी शिकवायला माणसं पाठवा असं तिथल्या शाळेने सांगितलं, की आपल्याच मंडळींनी ठरवून त्यांना कळवलं? दुसरं असेल तर तिथले लोक पाहुणचार करतील, वर्ग रिकामे करून देतील आणि तुम्ही निघालात की आपल्या कामाला लागतील.

निवृत्तीनंतर मी त्याच देशात, पूर्वेला लॉस्पालोसकडच्या एका धर्मग्रामात, एक सत्र राहिले होते. वर्गात गेले तर पोरांना रेड, ब्लू, यलो तोंडपाठ. मी खूश! मग कळलं की माझ्याआधी आलेला प्रत्येक गट रंगच शिकवून गेला होता. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्याला रंग, फळं आणि शरीराचे अवयव एवढंच सुचतं. 'मला ताप आहे', 'मला कळलं नाही, पुन्हा सांगा' हे मात्र एकालाही इंग्रजीत म्हणता येत नव्हतं. जो तो शून्यापासून सुरू करणार, कारण आधीचा कुठवर पोचला हे लिहून ठेवायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

तुझ्या इंग्रजीची काळजी मला नाही. बाउकाऊकडचं मूल बहुधा घरी मकासाए बोलतं, चर्चमध्ये आणि बाजारात तेतुम ऐकतं, पुस्तकात पोर्तुगीज वाचतं. त्यात थोडी इंडोनेशियन कानावर पडलेली असते. म्हणजे तुझं इंग्रजी त्याच्या वाट्याला येतं पाचव्या नंबरावर. अशा मुलाला कुठे अडतं हे मराठी शाळेतून आलेल्या तुला जास्त कळेल. पण सात वर्षांच्या पोराला या गर्दीत आणखी एक भाषा घालायची घाई कशाला, असं मला तिथे राहून वाटलं. इंग्रजीची खरी निकड मोठ्यांना आहे. सतरा-अठरा वर्षांची मुलं ऑस्ट्रेलियात शेतमळ्यांवर हंगामी कामाला जायची स्वप्नं बघतात. शिवाय २०२५ च्या ऑक्टोबरात तो देश आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेचा, सभासद झाला, आणि त्या संघटनेचा कारभार इंग्रजीत चालतो. तेव्हा संध्याकाळी मोठ्या मुलांचा वर्ग मागून घे. दिवसा लहानांच्या वर्गात बसायचं ते तिथल्या शिक्षिकेच्या शेजारी, तिच्या जागी नव्हे. त्यांचं शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे मे महिन्यात बाई वर्गावर असतीलच. तू परतल्यावर जे काही टिकेल ते तिच्या हातात टिकेल. बाउकाऊतच मारिस्ट ब्रदरांनी (शिक्षणाचं काम करणारा कॅथलिक संघ) शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था उभी केली आहे. तिथून शिकलेलं कुणी त्या शाळेत आहे का, याची जाण्याआधीच चौकशी कर.

एक गोष्ट तुला पत्रातून सांगणंही जड जातंय. २०२१ साली त्याच देशात, ओएकुसे भागात, मुलांचा आश्रम चालवणाऱ्या एका माजी अमेरिकन धर्मगुरूला मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल १२ वर्षांची शिक्षा झाली. माणूस गावात देवासारखा मानलेला, त्यामुळे निकालानंतरही त्याची बाजू घेणारे होतेच. चर्चचं काम आहे म्हणजे सगळं सुरक्षितच, असं मी आता कुणालाही सांगत नाही. तुमचा गट जाणाऱ्यांकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतो का? मुलांच्या सुरक्षेचे लेखी नियम आहेत का? कुणी चुकीचं वागलं तर तक्रार कोणाकडे, ते फादरांपासून वेगळं माणूस आहे का? "आपल्यातलेच आहेत सगळे" असं उत्तर आलं तर घरी राहा, माझं नाव सांग हवं तर. आणि पोरांना मांडीवर घेऊन फोटो टाकायचे नाहीत. इथल्या शाळेत परक्या कुणी तसं केलं तर तू चालवून घेशील का?

खाऊच्या पिशव्या नेऊ नकोस. पाच वर्षांखालची जवळपास निम्मी मुलं तिथे वयाच्या मानाने खुजी आहेत, त्यांना गोळ्या-चॉकलेटं काय कामाची? शाळेतल्या दुपारच्या जेवणाला हातभार लागतो का, ते मुख्याध्यापकांना विचार.

बाकी किरकोळ. भारतातून थेट विमान नाही, बाली किंवा सिंगापूरवरून जावं लागेल. चलन अमेरिकन डॉलर. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त जाहीर केला, पण डेंगी आहे, आणि २०२४ पासून रेबीजही शिरला आहे. कुत्री रस्तोरस्ती दिसतील, तेव्हा रेबीजच्या लशीचं डॉक्टरांशी मार्च महिन्यातच बोलून घे. व्हिसा कुठला काढायचा ते तिथल्या धर्मप्रांताकडून लेखी मागव. "पर्यटक म्हणून या, कोण विचारतंय" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. पकडली गेलीस तर पासपोर्ट तुझा असतो, त्यांचा नाही.