वर्षश्राद्ध झालं, तरी आई तिथेच आहे

प्रश्न : बाबांना जाऊन १४ महिने झाले. आई अजून सकाळी दोन कप चहा करते आणि एक त्यांच्या फोटोपुढे ठेवते. जेवायला बसली की दोन घासांत उठते. बाबा ज्या दवाखान्यात गेले, त्या रस्त्याने रिक्षा नेऊ देत नाही. 'त्या दिवशी सकाळीच नेलं असतं तर...' हे रोज चालू असतं. अधूनमधून म्हणते, 'मलाही घेऊन जा म्हणावं त्यांना.' नातेवाईक म्हणतात, वेळ जाऊ दे. डॉक्टरांकडे न्यावं का? (सातारा)

उत्तर : न्यावं. मात्र चहाच्या कपामुळे नव्हे, तो कप राहू द्या. फोटोपुढे चहा ठेवणं, गेलेल्या माणसाशी मनात बोलणं, जिन्यात त्याची चाहूल लागल्यासारखं वाटणं हे पुष्कळांचं होतं, त्याला आजार म्हणत नाहीत. घरच्यांना नेमकं तेच खटकतं आणि त्यावरूनच वाद होतात. तुमच्या पत्रात काळजीच्या गोष्टी दुसऱ्याच आहेत : दोन घास, तो रस्ता, 'सकाळीच नेलं असतं तर' आणि 'घेऊन जा'.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात 'प्रदीर्घ शोकविकार' हे स्वतंत्र निदान आहे. त्यासाठी किमान ६ महिने उलटलेले असावे लागतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत ही मुदत मोठ्यांसाठी १२ आणि मुलांसाठी ६ महिने आहे. या पुस्तिकेनुसार गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किंवा सतत त्याचेच विचार गेला महिनाभर जवळजवळ रोज असायला हवेत. सोबत या आठांपैकी निदान तीन गोष्टी : आपल्यातलाच एक भाग गेला असं वाटणं, मृत्यू खरा न वाटणं, आठवण देणाऱ्या जागा-वस्तू टाळणं, तीव्र भावनिक वेदना (दुःख, राग, कटुता), माणसांत आणि कामात परतता न येणं, मन बधिर होणं, जगण्याला अर्थ न उरणं आणि टोकाचं एकाकीपण. आणि या सगळ्यामुळे रोजचं जगणं अडलेलं असावं लागतं.

दोन्हीकडे आणखी एक अट आहे : शोक त्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त असावा. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत सणवार करत नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षी दिवाळी केली नाही हे लक्षणांत धरू नका. आई हळदीकुंकवाला जात नसेल, तर आधी हेही पाहा की तिला कुणी बोलावतं का. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२मध्ये केला, पण किती घरांत ती वागणूक अजून तशीच आहे. समाजाने बाहेर ठेवलेल्या बाईला 'तू माणसांत मिसळत नाहीस' म्हणणं अन्यायाचं आहे.

आता 'घेऊन जा'बद्दल. जोडीदाराच्या मागे असं अनेक जण म्हणतात, पण गृहीत धरून सोडून देऊ नका. सरळ विचारा : "आई, नुसतं त्यांच्याकडे जावंसं वाटतं, की स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल, किंवा कसं करायचं हेही तिने ठरवलेलं असेल, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठा आणि तोवर तिला एकटं ठेवू नका. बाबांची उरलेली औषधं, झोपेच्या गोळ्या, शेतीची कीटकनाशकं घराबाहेर हलवा. उरलेल्या औषधांची पिशवी महिनोन् महिने कपाटात तशीच असते, कुणाच्या लक्षात येत नाही. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.

एवढी निकड नसेल तर सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करा. वजन, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. थकवा आणि भूक मरणं यांचं कारण कधी तिथेही सापडतं. जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत लिहा : झोप किती तास, जेवण किती, घराबाहेर किती वेळा, दिवसातला किती वेळ बाबांच्याच विचारात. तज्ज्ञांना 'खूप दुःखी असते' यापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते. आईला मात्र 'तुला मानसोपचाराची गरज आहे' असं सांगू नका. "तुझी झोप आणि जेवण बिघडलंय, ते दाखवून येऊ," एवढं पुरे.

मनोविकारतज्ज्ञ औषध देऊ शकतात, जिल्हा रुग्णालयातही मनोविकार विभाग असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे (बोलण्यातून उपचार करणाऱ्या मानसतज्ज्ञाकडे) गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच नको. आणि शोकावर काम करण्याचा अनुभव आहे का, हेही विचारा. कारण नैराश्य आणि शोकविकार एकत्र असू शकतात, पण ते एक नव्हेत. नैराश्यात मन सगळ्यावरूनच उठतं आणि माणूस स्वतःला कवडीमोल समजतो. शोकविकारात मन एकाच माणसाकडे धावतं आणि अपराधीपणाही त्याच्याशीच जोडलेला असतो. नैराश्याच्या गोळ्यांनी नैराश्य उतरतं, पण ती ओढ सहसा बोलण्याच्या उपचारानेच सैल होते. हा उपचार साधारण १६ बैठकींचा असतो, आठवड्याला एक. त्यात त्या दिवसाची हकिगत पुन्हा पुन्हा सांगायची असते, टाळलेल्या जागी पायरीपायरीने जायचं असतं (आधी त्या रस्त्याच्या टोकापर्यंत, मग दवाखान्यावरून, मग फाटकापाशी), आणि स्वतःच्या आवडीचं काहीतरी छोटं पुन्हा सुरू करायचं असतं.

फसतं कुठे? तिसऱ्या-चौथ्या बैठकीला. आठवणी उकरल्यावर रडणं आधी वाढतं आणि घरचे म्हणतात, 'यापेक्षा नको.' हे होणार, ते आधीच माहीत असू द्या. दुसरी चूक म्हणजे बाराव्याच्या धावपळीत कुणीतरी दिलेली झोपेची गोळी वर्षभर चालू राहणं. तिची सवय लागते. पण ती एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

प्रश्न : पत्नी जाऊन अडीच महिने झाले. कामावर जातो, स्वयंपाकही जमतो, पण मंडईत भाजी घेताना अचानक रडू येतं. मुलगा परदेशातून रोज म्हणतो, काउन्सेलर गाठा. (पुणे)

उत्तर : आत्ता लगेच गरज दिसत नाही. मुलाला सांगा, रोज फोन कर, ते जास्त कामाचं आहे. दोन उमाळ्यांमधलं अंतर वाढतंय का, एवढं पाहत राहा. लग्नाचा वाढदिवस आणि पितृपक्ष यांच्या आसपास दुःख पुन्हा उसळेल. तो आठवडा या मोजणीत धरू नका.

पण काही बाबतींत महिने मोजत बसायचं नसतं : मरणाचे विचार, रोज रात्री लागणारी दारू, मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या सोडून देणं, किंवा मृत्यू अपघाताने वा आत्महत्येने झाला असेल आणि तेच दृश्य वारंवार डोळ्यांपुढे येऊन झोप उडत असेल. यातलं काही असेल तर याच आठवड्यात जा.

प्रश्न : नातू ८ वर्षांचा आहे. त्याचे वडील चार महिन्यांपूर्वी गेले, आम्ही 'बाबा गावाला गेलेत' म्हणालो. आता तो पुन्हा अंथरुण ओलं करतो. (नाशिक)

उत्तर : आधी खरं सांगा, 'मेले' हाच शब्द वापरून. 'झोपले' म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं, 'गावाला गेले' म्हटलं तर वाट पाहत राहतं. या वयात मृत्यू कायमचा असतो हे समजतं, आणि बहुधा त्याला खरं कळलेलंही असेल, फक्त घरात त्याबद्दल बोलायचं नाही, एवढं तो शिकलाय. 'तुझ्यामुळे झालं नाही' हेही स्पष्ट सांगा, कारण मुलं दोष स्वतःकडे घेतात. दहा मिनिटं रडून तो क्रिकेट खेळायला पळाला, तर त्याला दुःख नाही असं समजू नका, मुलांचा शोक असाच तुकड्यांत येतो.

खरं सांगितल्यावरही महिनाभरात फरक पडला नाही, शाळा टाळू लागला किंवा 'मला बाबांकडे जायचंय' म्हणाला, तर मुलांच्या मानसतज्ज्ञांना दाखवा. वर्गशिक्षिकेला मात्र आजच भेटा, 'माझे बाबा' हा निबंध वर्गात येण्याआधी.