काउंट २ लाख ६० हजार, तरी रक्त का थांबत नाही?

ताई, लेकीच्या प्लेटलेटचा तुम्ही कळवलेला आकडा चांगलाच आहे; १.५ ते ४.५ लाख नॉर्मल धरतात. पण सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या नेहमीच्या तपासणीचं मशीन प्लेटलेट फक्त मोजतं, त्या काम करतात की नाही ते त्याला कळत नाही. डेंग्यूमुळे आपल्याकडे सगळ्यांना काउंट तेवढा पाठ झालाय. लेकीचा घोळणा अर्धा-अर्धा तास थांबत नाही, दात पडला की उशी लाल होते, मार न लागता अंगावर निळे डाग उठतात. एवढं असताना 'काउंट बरा आहे, काळजी नको' हे मला पटत नाही. पपईच्या पानांचा रस सोडाच, वाढवायचंय काय?

रक्तवाहिनीला चीर पडली की प्लेटलेट आधी तिथे चिकटतात. त्याला व्हॉन विलब्रांड फॅक्टर नावाचं रक्तातलं प्रथिन लागतं. मग त्या फायब्रिनोजेन या दुसऱ्या प्रथिनाच्या दुव्याने एकमेकींना धरतात. तो दुवा पकडणारा प्लेटलेटवरचा रिसेप्टर जन्मतःच नसला किंवा बिघडलेला असला, तर तो आजार म्हणजे ग्लान्झमान थ्रॉम्बास्थेनिया. यात संख्या आणि आकार दोन्ही नॉर्मल दिसतात. सदोष जनुक आई-वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून तुम्ही नवरा-बायको आतेमामे भावंडं आहात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अर्थात हा आजार दुर्मीळ. व्हॉन विलब्रांड आजार, म्हणजे तो फॅक्टरच कमी किंवा सदोष असणं, त्याहून कितीतरी जास्त सापडतो. तपासणी दोन्हींची करा.

प्लेटलेटचं काम बघणारी तपासणी म्हणजे ॲग्रिगोमेट्री. रक्त काढल्यापासून काही तासांतच ती करावी लागते, त्यामुळे गावातून सॅम्पल कुरिअरने पाठवण्यात अर्थ नाही. लेकीलाच घेऊन जा. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था (रक्ताच्या आजारांची संशोधन संस्था) आहे, तिथे आधी चौकशी करा. या तपासणीत प्लेटलेटना एकत्र आणणारे पदार्थ नमुन्यात घालतात. ग्लान्झमानमध्ये एडीपी किंवा कोलॅजेन घालूनही प्लेटलेट एकत्र येत नाहीत, रिस्टोसेटिन या पदार्थाला मात्र प्रतिसाद देतात. त्यावरून ओळख पटते, मग फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे प्लेटलेटवर तो रिसेप्टर आहे का हे बघणाऱ्या तपासणीने, खात्री करतात.

तपासणीआधी लेकीने कोणकोणती औषधं घेतली ते सांगा. ॲस्पिरिनने एक एन्झाइम कायमचं बंद पडतं, आणि प्लेटलेटला केंद्रकच नसल्याने ती नवं बनवू शकत नाही. परिणाम त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे ७ ते १० दिवस राहतो. तापाला आयबुप्रोफेनही नको, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्या.

घोळणा फुटला तर डोकं मागे टाकू नका. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग १० मिनिटं दाबून धरा, मधे सोडून बघायचं नाही. त्यानेही थांबलं नाही तर थेट रुग्णालय. तिथे कुणी प्लेटलेट चढवायचं म्हटलं, तर ग्लान्झमानची शंका आहे हे आधी सांगा. या मुलांच्या शरीरात बाहेरच्या प्लेटलेटविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात, मग पुढच्या वेळी चढवलेल्या प्लेटलेट लागू पडत नाहीत.