'नरो वा कुंजरो वा' : मूळ ओळ आणि नेमका अर्थ

प्रश्न असा आहे : युतीचा निर्णय अजून झालेला नाही, म्हणून नेता काही बोलत नाही. अशा वेळी 'नेत्याचे नरो वा कुंजरो वा' हे शीर्षक बरोबर आहे का? आणि ही ओळ महाभारतात नेमकी कुठे येते?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. 'अश्वत्थामा हतः इति, नरो वा कुंजरो वा' ही सगळ्यांना पाठ असलेली ओळ भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीत (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठात) त्या प्रसंगाच्या जागी नाही. प्रसंग द्रोणपर्वातला. मालव राजा इंद्रवर्म्याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती भीम गदेने मारतो आणि द्रोणांसमोर जाऊन 'अश्वत्थामा हत इति' असं मोठ्याने ओरडतो. इथे व्यासांनी घातलेला 'सव्रीडम्' हा शब्द जरूर पाहावा. भीम ओरडतो, पण लाजत. द्रोणांचा विश्वास बसत नाही. त्रैलोक्याच्या राज्यासाठीसुद्धा युधिष्ठिर खोटं बोलणार नाही ही त्यांची खात्री, म्हणून ते त्याला विचारतात. त्याच्या उत्तराबद्दल मूळ शब्द आहेत : 'अव्यक्तमब्रवीद्राजन्हतः कुञ्जर इत्युत'. म्हणजे 'हत्ती मारला गेला' हे तो अस्पष्ट, तोंडातल्या तोंडात बोलला. तोवर जमिनीपासून चार अंगुळं वर राहणाऱ्या त्याच्या रथाचे घोडे त्या क्षणी भुईला टेकले.

फरक बारीक आहे, पण सगळा अर्थ त्यावरच आहे. ग्रंथातला युधिष्ठिर खरा शब्द उच्चारतो, फक्त ऐकू जाणार नाही असा. लोकस्मृतीतला युधिष्ठिर 'माणूस असेल किंवा हत्ती' असं मोघम बोलतो, जणू त्याला ठाऊकच नाही. मराठी वाक्प्रचार या दुसऱ्या, लोकांच्या ओळीवर उभा आहे. त्यात चूक काही नाही, भाषा बहुतेक वेळा लोकांच्या आठवणीतलंच उचलते. पण दोन्हींत एक गोष्ट कायम आहे : बोलणाऱ्याला सत्य माहीत आहे, ऐकणारा त्याच्या शब्दावर विसंबून आहे आणि मोघमपणाचा फायदा बोलणाऱ्याला होणार आहे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही, तिथे तो शब्दप्रयोग बसत नाही. निर्णयच झाला नसेल तर ते 'तळ्यात-मळ्यात'. माहिती असून संबंधच नाकारला तर 'कानांवर हात ठेवणे'. नेत्याने आतून युती पक्की केली असेल आणि कार्यकर्त्यांनी विचारल्यावर 'सगळे पर्याय खुले आहेत' असं म्हटलं असेल, तर मात्र 'नरो वा कुंजरो वा' अगदी चपखल. वाचकाला द्रोण, भीम, युधिष्ठिर आठवावेत आणि फसणारा कोण, फसवणारा कोण हे न सांगता कळावं, एवढ्यासाठीच असा संदर्भ वापरायचा. नुसत्या 'संदिग्ध'च्या जागी तो घातला की ती आठवण वाया जाते.

आता लेखनाबद्दल. 'नरः' आणि 'कुञ्जरः' यांतल्या विसर्गांचा 'ओ' होतो तो पुढच्या 'वा'मुळे. त्यामुळे शेवटचा 'वा' गाळून 'नरो वा कुंजरो' लिहिलं की तो 'ओ' लटकतो, दोन्ही 'वा' ठेवावेत. संधीच्या नियमाने 'हतः इति'चं 'हत इति' व्हायला हवं, पण लोकांच्या ओळीत विसर्ग रुळला आहे, तो राहू द्यावा. 'नरकुंजर' असा जोडशब्द मात्र इथे करू नये. संस्कृतात त्याचा अर्थ 'माणसांतला श्रेष्ठ' असा होतो, 'पुरुषव्याघ्र'सारखा. मराठीत क्रियापद जोडायचं तर 'नरो वा कुंजरो वा करणे' किंवा 'अशी भूमिका घेणे', दोन्ही रूढ आहेत.