लेथवर टर्निंगला किती एचपीची मोटर लागेल आणि जॉब (कापायचा तुकडा) किती वाकेल हे आधी कसं काढायचं? वाकत असेल तर जास्त कडक मटेरियल घ्यावं का?

मोटरचं आधी उरकतो. डेप्थ (टूल किती खोल कापतं) गुणिले फीड (जॉबच्या एका फेऱ्यात टूल किती सरकतं) गुणिले मटेरियलचा केसी (एक चौरस मिमी कापायला लागणारा जोर, न्यूटनमध्ये), हा झाला कटिंग फोर्स. ईएन८ ला (मध्यम कार्बनचं स्टील) केसी साधारण २००० धरा, डेप्थ २ मिमी, फीड ०.२५ मिमी, म्हणजे १००० न्यूटन. स्पीड मिनिटाला १२० मीटर, म्हणजे सेकंदाला २, मग टूलपाशी २ किलोवॉट. बेल्ट-गिअरमध्ये जातं ते धरून मोटरला अडीच. ५ एचपीचं लेथ आरामात ओढेल.

पण "कडक मटेरियल घ्यावं का" हे वाचून राहवलं नाही, कारण यावरूनच जुन्या कंपनीत प्रॉडक्शनच्या साहेबांशी माझं जोरदार वाजलं होतं. २५ मिमी व्यासाचा, ४०० मिमी लांब शाफ्ट, दोन सेंटरमध्ये धरलेला, टोकांना साइज बरोबर आणि मध्ये पाव मिमी जाड, ढोलकीसारखं पोट. साहेब म्हणाले ईएन८ मऊ आहे, ईएन२४ (जास्त मजबूत अलॉय स्टील) टफन केलेला मागवा. मी जॉब कार्डाच्या मागेच मांडून दाखवलं, जॉबला मागे ढकलणारा रेडियल फोर्स ४०० न्यूटन धरला, एफ एल क्यूब भागिले ४८ ई आय (एफ हा फोर्स, एल लांबी), ई म्हणजे मटेरियलचा ताठपणा २,१०,०००, आय म्हणजे व्यासावरून येणारा आकडा १९,१७५, उत्तर आलं ०.१३ मिमी. तेवढा जॉब टूलपासून लांब पळतो आणि व्यासावर दुप्पट दिसतो, ०.२६. मायक्रोमीटर तेच सांगत होता!

आता यात कडकपणा कुठं आहे? नाहीच. एमएस (माइल्ड स्टील) घ्या, ईएन८ घ्या, ईएन२४ हार्ड करून घ्या, ई जवळपास तोच राहतो. कडक स्टील कायमचं वाकायला जास्त जोर मागतं एवढंच, कापताना वाकून परत सरळ होणारं वाकणं त्यानं कमी होत नाही. उलट ईएन२४ कापायला फोर्स जास्त, म्हणजे पोटही जास्त. तरी बार आलाच, महाग पडला आणि पोट होतं तिथंच. शेवटी ट्रॅव्हलिंग स्टेडी (टूलबरोबर सरकत जॉबला मागून टेकू देणारा आधार) लावली, ४५ डिग्रीचं टूल काढून ९५ चं घातलं, इन्सर्टचा (टूलच्या टोकाच्या बदलत्या पात्याचा) नोज रेडियस ०.८ वरून ०.४ केला, म्हणजे मागे ढकलणारा जोर कमी झाला, तेव्हा जॉब साइजमध्ये आला. तुमच्याकडे कोणी मटेरियल बदला म्हणालं तर सूत्र पुढं ठेवा आणि कुठं बदल होतो ते दाखवायला सांगा.

हां, केसी फीड कमी केला की वाढतो, इन्सर्ट घासला की पॉवर पण वाढते, त्यामुळे मोटरला मार्जिन ठेवा. रेडियल फोर्स टूलच्या अँगलप्रमाणे बदलतो, ४०० सगळीकडे चालणार नाही. आणि जॉब नुसता चकमध्ये धरला असेल तर ४८ च्या जागी ३ घाला, मोकळ्या टोकाला सोळापट वाकेल.