शिवणविषयक प्रश्नोत्तरे : एकाच शिवणीत चेन आणि खिसा

प्रश्न : मी घरच्या मशीनवर स्वतःचे कपडे शिवते. उन्हाळ्यासाठी कंबरेला जोड असलेला सुती अनारकली शिवत आहे. डाव्या बगलेच्या शिवणीत इनव्हिजिबल चेन येत असल्यामुळे आजवर खिसा फक्त उजवीकडे ठेवत आले. या वेळी डावीकडेही ठेवून पाहिला, तर चेन खिशातच उघडू लागली आणि खिशाचे तोंड फाकलेले राहिले. दोन्ही एकाच शिवणीत नीट बसतील का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नक्की बसतील. चेन पाठीच्या मध्यावर नेली तर हा प्रश्न उरत नाही, हे खरे. पण पाठीमागची चेन एकटीने ओढून बंद करणे त्रासाचे असते, त्यामुळे बगलेतली चेन कायम ठेवून खिसा शिवणे मला अधिक योग्य वाटते. दोन्ही बाजूंना खिसा मागणे ही काही चैन नव्हे. शाळेत, शेतावर किंवा एस.टी.च्या गर्दीत वावरणाऱ्या बाईला किल्ली, मोबाइल आणि सुटे पैसे ठेवण्यासाठी तो हवाच असतो.

अडचण अशी, की कपडा अंगात सहज जावा म्हणून चेन कंबरेखाली साधारण सात इंच उतरवावी लागते, आणि हात नैसर्गिकपणे जाईल असे खिशाचे तोंड कंबरेखाली दोन-अडीच इंचांवरच सुरू होते. म्हणजे साडेचार-पाच इंचांच्या टप्प्यात दोघांनाही तीच शिवण हवी असते. नेहमीच्या पद्धतीत खिशाचा एक तुकडा पुढच्या भागाला आणि दुसरा मागच्या भागाला जोडतात. तसे केले की चेनचे दोन काठ दोन तुकड्यांना लागतात आणि ती खिशाच्या आत उघडते. आपल्या बाबतीत नेमके हेच झाले असावे. यावर उपाय एकच : संपूर्ण खिसा पुढच्या भागाचा करून टाकावा आणि चेन त्याच्या मागे, खिसा व मागचा भाग यांच्यामध्ये बसवावी.

बगलेच्या शिवणीला पाऊण इंच माया (शिवणरेषेबाहेर सोडलेले कापड) ठेवावी आणि शिवणरेषा खडूने आखून घ्यावी. खिशाचे दोन तुकडे कापताना पुढचा तुकडा पातळ अस्तराचा चालतो, मात्र मागचा तुकडा ड्रेसच्याच कापडाचा घ्यावा, कारण तोंडातून तो दिसतो आणि चेनही त्यालाच लागते. पुढच्या भागावर, जिथे खिशाचे तोंड येणार आहे तिथे, उलट्या बाजूने पेस्टिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या, कापडाला बळकटी देणाऱ्या अस्तराची) एक इंच रुंद पट्टी इस्त्रीने चिकटवावी. एवढ्याने तोंड फाकणे बऱ्याच अंशी थांबते. आता अस्तराचा तुकडा पुढच्या भागावर सुलटीवर सुलट ठेवून फक्त तोंडाच्या साडेसहा इंचांवर टीप मारावी. ही टीप शिवणरेषेच्या केसभर बाहेर, मायेच्या अंगाला असावी. टिपेच्या दोन्ही टोकांशी, दोन्ही थरांच्या मायेला काठापासून आडवा कट द्यावा आणि तो टिपेपासून एका धाग्यावर थांबवावा. कट कमी पडला तर कोपऱ्यात चुणी येते आणि जास्त गेला तर कापड तिथूनच उसवते, म्हणून हे काम लहान, टोकदार कात्रीने सावकाश करावे. तुकडा आत उलटवून इस्त्री करावी, मागचा तुकडा त्याच्याखाली ठेवून फक्त खिशाची गोलाई शिवावी आणि त्याची सरळ कड तोंडाच्या वर-खाली पुढच्या भागाच्या मायेशी धावदोऱ्याने अडकवावी. तोंडही धावदोऱ्याने तात्पुरते मिटवून ठेवावे. कंबरेचा जोड शिवताना खिशाचे वरचे टोक त्यात पकडावे, म्हणजे मोबाइलचे वजन बगलेच्या शिवणीवर न येता कंबरेवर येते.

यानंतरच चेनकडे वळावे. चेन लागणाऱ्या जागेपेक्षा इंचभर लांब घ्यावी, कारण खाली रनर आडवा येतो आणि शेवटचा भाग शिवता येत नाही. चेन उघडून उलट्या बाजूने कोमट इस्त्री फिरवावी. गुंडाळलेले दाते पट्टीपासून उभे राहतात आणि दात्यांच्या मुळाशी टीप घालण्याइतकी जागा दिसू लागते. इस्त्री गरम असेल तर नायलॉनचे दाते वितळतील. आधी मागच्या भागाला चेन लावावी : चेनची सुलट बाजू कापडाच्या सुलटीवर, दाते शिवणरेषेवर, पट्टी मायेच्या बाजूला. मग चेन बंद करून कंबरेचा जोड जिथे येतो तिथे मोकळ्या पट्टीवर खडूची खूण करावी, नाहीतर पुढचा-मागचा जोड वर-खाली होतो आणि तो लांबूनही दिसतो. दुसरी पट्टी पुढच्या भागाला लावताना खिशाच्या तोंडापाशी टीप फक्त मागच्या तुकड्यावर, घडीच्या लगत पडली पाहिजे. घडी त्यात सापडली तर खिसा कायमचा बंद होईल. कंबरेच्या जोडाची माया चेनच्या वाटेत कातरून पातळ करावी, कारण रनर बहुधा तिथेच अडतो. शेवटी चेनखालची शिवण साध्या एकबाजू फुटाने (चेनच्या अगदी लगत शिवणाऱ्या, एकाच बाजूने दाबणाऱ्या मशीनच्या फुटाने) बंद करावी आणि तोंडाचा धावदोरा उसवावा.

इनव्हिजिबल चेनचे दाते ज्याच्या खाचेत बसतात तो खोबणीचा फूट नसल्यास याच एकबाजू फुटाने, दाते नखाने बाजूला दाबत चेनही शिवता येते. फक्त वेग अगदी कमी ठेवावा.

प्रश्न : नांदेडहून आणलेल्या खादीचा कुर्ता शिवला. पहिल्या धुण्यानंतर चेनची शिवण लाटांसारखी झाली. टाका चुकला का?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : टाका चुकलेला नाही. सुती खादी पाण्यात आटते, चेनची पॉलिएस्टरची पट्टी आटत नाही. म्हणून कापड तिच्यापाशी गोळा होते. यापुढे खादी कापण्यापूर्वी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावी. आताच्या कुर्त्याची चेन उसवून, आटलेल्या कापडावर पुन्हा लावावी. ओढून इस्त्री केल्याने ती शिवण सरळ होणार नाही.

प्रश्न : हिमरूच्या जाकिटाला बगलेत खिसा हवा आहे, कापड कापताच धागे सुटतात.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हिमरू या नक्षीदार रेशीम-सुती कापडाच्या उलट्या बाजूला नक्षीचे धागे मोकळे असतात, त्यामुळे कापण्यापूर्वीच शिवणरेषेच्या जागी पातळ पेस्टिंग चिकटवावे आणि माया एक इंच धरावी. पूर्ण खिसा हिमरूचा करू नये. तो जाड होतो आणि हाताच्या बोटांत धागे अडकतात. पिशवी मऊ सुती कापडाची करून मागच्या तुकड्याच्या तोंडाशी तेवढी दीड-दोन इंचांची हिमरूची पट्टी जोडावी. इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती फडके ठेवूनच करावी.