परत फ्लेमेंको गिटार: आधी स्पीड की आधी ताल?

प्रश्न: कॉलेजात असताना फ्लेमेंको (स्पेनचं पारंपरिक संगीत) गिटार शिकत होतो, मग नोकरी-संसारात सुटलं ते सुटलंच. आता पंचेचाळिशीत परत हातात घेतलीय, पण रास्गेआदोत (बोटं एकामागून एक बाहेर फेकत तारा छेडायच्या, त्यात) करंगळी-अनामिका ऐकतच नाहीत आणि मनगट भरून येतं. काय करू?

उत्तर: आधी स्पीड विसरा, खरंच. रोजच्या कामात आपण सगळं पकडतो, मुठीत धरतो, बोटं जोरात बाहेर फेकायची वेळच येत नाही आणि रास्गेआदोला नेमकं तेच लागतं. अंगठा सहाव्या तारेवर टेकवा आणि करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी असं एकेक सुटं बाहेर टाका, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, चारही आवाज सारखे येईपर्यंत. मनगट भरलं की थांबायचं, तिथे जिद्द नको, आणि दुखणं रेंगाळलंच तर फिजिओला दाखवा.

पण कंपास, म्हणजे तालाचं चक्र, सोडू नका हं, फ्लेमेंकोचा जीव तिथेच आहे. सोलेआ या संथ फ्लेमेंको प्रकाराचे १२ ठोके, जोर ३, ६, ८, १० आणि १२ वर, हे गिटार बाजूला ठेवून नुसत्या टाळ्यांनी पक्के करा, कारण पहिल्या ठोक्यावर जोर द्यायची सवय लवकर जात नाही आणि इथे सुरांची ओळ १० वर येऊन टेकते. बुलेरियास हा दुसरा प्रकार नंतर, ती फार फास्ट असते.